हाताचं प्रात्यक्षिक

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. आप्पांची तब्येत होती तशीच आहे. डावी बाजू हलत नाही आणि जीभ थांबत नाही. फोन सोडून हे पत्र कशाला, असं तू विचारशीलच. तर फोनवर बोललं की पुढच्या खोलीत आप्पांना सगळं ऐकू जातं. स्वयंपाकघराचं दार लावून कुजबुजले तरी जातं. मग कोण होतं, काय म्हणत होतं, तू मध्येच 'बरं' का म्हणालीस, अशी उलटतपासणी. जन्मभर गाड्यांमधून लोकांची तिकिटं तपासली, आता तपासायला मी एकटीच उरले आहे. तेव्हा उत्तर समोरच्या शिंपीणबाईंच्या पत्त्यावर पाठव. दूध आणायला खाली उतरते तेव्हा त्यांच्याकडून घेत जाईन. त्यांना मी सगळं सांगितलंय. बाई पोटात ठेवणारी आहे.

आता कामाचं. आई गेली तेव्हा अर्धवट सुटलेलं माझं रसायनशास्त्र घरबसल्या कॉम्प्युटरवर शेवटच्या वर्षापर्यंत येऊन पोचलं. प्रयोगसुद्धा पडद्यावरच असतात. टेबलाच्या एका टोकाला आप्पांच्या सूपचं पातेलं आणि दुसऱ्या टोकाला माझी प्रयोगशाळा. पडद्यावर ब्युरेट असते, म्हणजे तोटी असलेली काचेची उभी नळी. बटण दाबलं की तिच्यातून एक थेंब पडतो, अगदी शहाण्यासारखा एकच. खालच्या पात्रातलं पाणी गुलाबी झालं की थांबायचं. चुकलं तर 'पुन्हा सुरू करा' असं बटण आहे. काच फुटत नाही, हात भाजत नाही, आम्लाला वास नाही. मध्येच आप्पांनी पलंगाच्या कठड्यावर चमचा वाजवला की मी उठते, त्यांना कुशीवर वळवते, पाणी पाजते, चादर सारखी करते आणि परत येते. तोपर्यंत तो थेंब बिचारा तिथेच लटकत असतो. मला शंभरपैकी शंभर पडतात. हसू नकोस, खरंच पडतात.

पण आता संस्थेने कळवलं आहे की पदवीआधी पंधरा दिवस त्यांच्या खऱ्या प्रयोगशाळेत जायचं आणि स्वतःच्या हाताने प्रयोग करून परीक्षा द्यायची. गाडीने दिवसभराची वाट आहे. ही परीक्षा झाली तर इथल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला अर्ध्या वेळेची जागा मिळण्यासारखी आहे. मी चौकशी करून आले, औषधं आणायच्या निमित्ताने.

तर दादा, तू तेवढे दिवस ये. आप्पा हे घर सोडून कुठे जाणार नाहीत, ते तुला माहीत आहे. पगारी बाई त्यांच्यापुढे टिकत नाही. पहिली गुणगुणते म्हणून काढली आणि दुसरी गुणगुणत नाही, सुतकी चेहऱ्याची आहे म्हणून काढली. तिसरी यायलाच तयार नाही.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. तुझा लोभ आहेच, त्यात पंधरा दिवसांची भर पडावी एवढीच विनंती.

तुझी,
भिंगरी

---

दि. १४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ. वि.

तुझं पत्र वाचून वहिनीला म्हटलं, बघ, आमची भिंगरी शास्त्रज्ञ झाली. शंभरपैकी शंभर! मला गणितात सत्तर पडले तेव्हा आप्पांनी दिवाणखान्यात येरझारा घातल्या होत्या, आठवतं ना? आता तुझे मार्क ऐकून ते निदान चमचा तरी दोनदा वाजवत असतील.

पण मला एक कळत नाही. पडद्यावर सगळं इतकं छान जमत असताना हाताने करायचा हट्ट कशाला? हल्ली विमान चालवणारेसुद्धा आधी पडद्यावर शिकतात म्हणे. आमच्या खोक्यांच्या कारखान्यातही आता पुठ्ठा कापायचं यंत्र काचेआडून चालतं. मी दिवसभर बटणंच दाबतो आणि माझं काही अडत नाही. काच फुटत नाही, हात भाजत नाही, म्हणजे सोयीचंच झालं की. तुमच्या संस्थेतली माणसं जुन्या वळणाची दिसतात.

रजेचं म्हणशील तर बघतो. एकाची बदली झाली, एक आजारी, त्यामुळे पाळी लावायलाच माणसं नाहीत. माझी पाठही धरली आहे, आप्पांना उचलणं मला झेपेल का याची वहिनीला काळजी वाटते. पण बघतो नक्की. तू तिथे आहेस म्हणून मी इथे निवांत झोपतो, हे मी चारचौघांत सांगत असतो. तुझ्यासारखी बहीण मिळायला नशीब लागतं.

प्रकृतीला जप. रागावू नकोस आणि आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

---

दि. २२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

'बघतो' हा तुझा शब्द मी चांगला ओळखते. सायकल शिकवायचं बघतो म्हणाला होतास. शेवटी मी आपली आपण पडून शिकले.

हाताने करायचा हट्ट कशाला, असं विचारलंस ना? मलाही तोच प्रश्न पडला, म्हणून घरीच करून बघितलं. लाल कोबी उकळून त्याचं जांभळं पाणी काढलं. ते आंबटात टाकलं की गुलाबी होतं आणि सोड्यात टाकलं की निळं-हिरवं. कपात व्हिनेगर घेतलं, त्यात कोबीचं पाणी घातलं आणि आप्पांच्या कानात औषध घालायच्या ड्रॉपरने धुण्याच्या सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायला लागले. रंग जांभळा झाला की थांबायचं, एवढंच. तर काय सांगू, थांबता येईना. ड्रॉपर दाबला की एकाऐवजी तीन थेंब. बोट सैल केलं की आणखी एक, आगाऊपणा करून. बघता बघता सगळं हिरवंगार झालं. पुन्हा केलं, पुन्हा हिरवं. तिसऱ्यांदा जमत आलं होतं तर चमचा वाजला, मी दचकले आणि अर्धा ड्रॉपर आत. खरा थेंब माझ्यासाठी लटकून राहत नाही, दादा. व्हिनेगर संपलं तरी मला तो जांभळा रंग एकदाही धरता आला नाही. आणि मी म्हणे शंभरपैकी शंभरवाली. आप्पांनी आतून विचारलं की घरात काय आंबलंय. मी म्हटलं, मीच.

आता जे फोनवर जन्मात म्हणता आलं नसतं ते लिहिते. मला बाहेर पडायचं आहे. परीक्षा आहे म्हणून निमित्त मिळालं, नसती तरी मला पडायचंच होतं. सकाळी उठून कुठेतरी जावं आणि कधी येणार, असं कुणी विचारू नये. आप्पांवर माझा जीव आहे. त्यांचं अंग पुसताना, त्यांना भरवताना मला एकदाही किळस आली नाही. पण हल्ली चमचा वाजला की मी कपाटाला डोकं टेकून उभी राहते आणि त्यांनी पुन्हा वाजवेपर्यंत तशीच थांबते. मुद्दाम थांबते. हे लक्षण चांगलं नाही, हे मला कळतं. म्हणून तुला हात जोडून सांगते, तू ये.

वहिनीला माझा राग सांगू नकोस. लोभ पातळ झालेला नाही, पण ढवळायला कुणीतरी हवं.

भिंगरी

---

दि. २२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो आहे, कारण बातमीच तशी आहे. आधी बस, मग वाच.

मी तुमच्या संस्थेला कळवलं. आप्पांच्या डॉक्टरांचा दाखला जोडला, घरी दुसरं कुणी नाही हे लिहिलं आणि नंतर फोन करून करून तिथल्या माणसाला भंडावून सोडलं. शेवटी त्यांनी ऐकलं! खास बाब म्हणून तुला प्रत्यक्ष प्रयोगशाळेतून सवलत मिळाली आहे. हाताची परीक्षा रद्द. तिच्याऐवजी पडद्यावरचीच एक परीक्षा घरी बसून द्यायची. तू ती डोळे मिटून देशील. तुला कागद येईल, त्यावर या महिन्याअखेर, नाहीतर पुढच्या महिन्यात केव्हाही सही करून पाठवायची. पदवी घरपोच येईल.

आता मला सांग, मी पंधरा दिवस येऊन काय दिवे लावणार होतो? सूप करपवलं असतं आणि आप्पांच्या शिव्या खाल्ल्या असत्या. त्यापेक्षा हे किती बरं झालं! तुला कुठे जायला नको, प्रवासाची दगदग नको, परक्या ठिकाणी राहायला नको. वहिनी म्हणाली की इतक्या वर्षांत मी बहिणीसाठी पहिल्यांदाच काहीतरी धडपणे केलं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी दोघं मुद्दाम बागेत जाऊन आलो.

आता तरी हस. लोभाची परतफेड म्हणून चार ओळी कौतुकाच्या लिही.

तुझा,
दादा

---

दि. १ मार्च

दादास,
न. वि. वि.

तुझी आनंदाची बातमी शिंपीणबाईंच्या दारात उभ्याने वाचली. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं की कुणी गेलं का.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकवून गेली. माझं वाचलं असतंस तर तू असं केलं नसतंस, असं मी स्वतःला सांगते आहे. पण अगदी खात्री वाटत नाही, हेही लिहून टाकते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तसं झालं आहे. मी तुला ये म्हटलं होतं. तू यायचं सोडून माझं जाणंच रद्द करून टाकलंस. सगळ्या घराला एक दार होतं, ते तू बाहेरून लावून घेतलंस आणि वर विचारतोस की आता वारा लागत नाही ना.

तुझी धडपड मला दिसते, तिची किंमत आहे. पण तुझी सवलत मला नको. कागद आला, त्यावर सही केलेली नाही. संस्थेला फोन केला, हो, आप्पांच्या समोर बसून, मोठ्याने, आणि पंधरा दिवसांसाठी माझी जागा पक्की करून घेतली. रविवारी सकाळची गाडी आहे. तू शनिवारी ये. पाठ धरली असेल तर पट्टा बांधून ये.

आप्पांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता चमचा भिरकावतात. मग म्हणाले, परतीचं तिकीट काढलंस का? मी हो म्हटलं. दाखव म्हणाले. मी आणून दिलं. त्यांनी उजव्या हातात धरून ते दोन्ही बाजूंनी वाचलं, उजेडात बघितलं आणि परत दिलं. त्यानंतर त्या दिवशी चमचा वाजला नाही. मला रडू आलं, पण ते नळ सोडून उरकलं.

औषधं डाव्या कप्प्यात, धुवायचं मोरीत. बाकी आल्यावर दाखवते. लोभाबद्दल शनिवारी समोरासमोर बोलू.

भिंगरी

---

दि. १५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ. वि.

सांभाळायला आलो खरा, पण आता मलाच कुणीतरी सांभाळा, अशी गत आहे. हे पत्र शिंपीणबाईंच्या मशीनशेजारी स्टुलावर बसून लिहितो आहे. घरातून फोन का करता येत नाही, ते दुसऱ्याच दिवशी कळलं. वहिनीला म्हटलं की कंटाळा आला, तर आतून आवाज आला, कंटाळा आला असेल तर जा.

अग, तू त्यांना उचलतेस कशी? तू केवढीशी! मी काखेत हात घालून ओढायला गेलो तर आम्ही दोघे पलंगाच्या कडेवर अडकून बसलो, ना वर ना खाली. शेवटी शिंपीणबाई कात्री हातात घेऊनच धावत आल्या. आप्पांच्या मते अंड्याचं पिवळं मी घट्ट करतो, पडदा जास्त ओढतो, चहा गार देतो आणि चहा गार झाला असं कबूल करत नाही. तुझं नाव ते काढत नाहीत. पण रोज संध्याकाळी विचारतात की तुमच्या प्रयोगशाळा किती वाजता बंद होतात. मला काय माहीत! मी सहा म्हणून सांगून टाकलं. सहा वाजले की 'सुटली असेल' म्हणतात आणि डोळे मिटतात.

परवा भाजी आणायला गेलो आणि दोन चौक उगाचच जास्त चाललो. एका दुकानात न घ्यायच्या चपला घालून बघितल्या. परत फिरायची वेळ झाली तेव्हा आणखी दोन जोड मागवले. तुझी कोबीवाली गोष्ट मी इथे येताना गाडीत पुन्हा वाचली. तेव्हा हसू आलं होतं, आता येत नाही. सवलतीचं मी जे केलं ते मला रजा मिळत नव्हती म्हणून केलं, असं मी मानत होतो. मागितली तर लगेच मिळाली. यावर आणखी लिहवत नाही.

रजा आता संपत आली. तू सोमवारी सकाळच्या गाडीने येतेस की दुपारच्या? सकाळच्या ये. कृपा करून सकाळच्या ये.

लोभाचा दुष्काळ पडला आहे, तुझ्याकडचा पाठव.

दादा

---

दि. १८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अडकून बसलात ते वाचून मी खोलीत एकटीच हसले आणि मग माझं मलाच वाईट वाटलं.

इथलं सांगते. पहिल्याच दिवशी हात भाजून घेतला. पडद्यावर तापलेलं भांडं लालबुंद दाखवतात, निवलं की पांढरं होतं. तेच डोक्यात बसलं होतं. इथे टेबलावर काचेचं पात्र दिसलं, स्वच्छ, नितळ, गार दिसणारं. मी सरळ उचललं. तापलेली काच आणि गार काच अगदी सारखी दिसते, दादा! दोन बोटांना फोड आले, पात्राचे तुकडे झाले. प्रयोगशाळेच्या बाईंनी माझा हात नळाखाली धरला आणि शांतपणे म्हणाल्या की घरी बसून शिकलेलं प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी याच टेबलावर भाजतं. त्या रागावतसुद्धा नाहीत, त्याचाच जास्त धाक वाटतो.

जागा मला फार आवडली. टेबलांवर जुने डाग आहेत, दार उघडलं की नाकाला झणका बसतो, मला मिळालेल्या कोटाची बाही कुणीतरी आधीच जाळून ठेवली आहे. संध्याकाळी सुटल्यावर मी उगाच चालत बसते. कुणी काही विचारत नाही. पहिले दोन दिवस त्याने कसंतरीच झालं, खोलीत आल्यावर मी भिंतीला सांगायचे की आले ग बाई.

आता मुख्य. मी परीक्षेत नापास झाले. ब्युरेटची तोटी डाव्या हाताने फिरवायची आणि उजव्याने पात्र हलवत राहायचं. माझा एक हात चालला की दुसरा थांबतो. गुलाबी रंग आला तो गडदच आला, तिन्ही वेळा. बाई म्हणाल्या की तुझं डोकं पास आहे, हात अजून शाळेत गेलेले नाहीत. पूर्ण सत्र इथे राहून रोज करशील तर होईल, पंधरा दिवसांत होणार नाही.

तुझ्या सवलतीचा कागद माझ्या पिशवीत आहे. मुदत अजून संपलेली नाही. सही केली की पदवी मिळेल आणि सोमवारी मी घरी. काल पेन हातात घेतलं होतं. मग डोळ्यांपुढे ते तपासणीला येणारं पाणी आलं. मी तपासणार ते पाणी लोक पिणार, त्यात दोन थेंब इकडचे तिकडे झाले तर 'पुन्हा सुरू करा' कुठून आणू? हे कारण खरं आहे. पण दुसरंही आहे आणि ते याहून मोठं आहे. आत्ता घरी आले तर मी पुन्हा बाहेर पडणार नाही. मला ते नक्की माहीत आहे.

म्हणून मी सोमवारी येत नाही. सत्र संपेपर्यंत येत नाही. मी तुला खड्ड्यात ढकलते आहे, हे कळतं मला. तुला नोकरी आहे, वहिनी आहे, पोरं आहेत. यातून मार्ग काय, तो मला सुचत नाही आणि या वेळी मी शोधतही नाही. आप्पांना तूच सांग. माझी हिंमत होत नाही.

तुझ्यावरचा राग गेला. लोभ ठेवशील की नाही ते तुझ्यावर सोडते.

भिंगरी

---

दि. ३० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

लिहायला उजवा हात आहे, पण कागद धरायला डावा लागतो. म्हणून कागदावर औषधाची बाटली ठेवली आहे. ओळी वाकड्या आल्या तर दोष बाटलीचा.

तुझं पत्र दादाने वाचून दाखवलं. मधलं गाळत होता. लपवणाऱ्याचा आवाज मला ओळखू येतो, माझी नोकरीच ती होती. पत्र मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. नापास झालीस याचं वाईट वाटलं. बोटांना मलम लाव, फोड फोडू नकोस.

तुझा दादा तुझ्यावर संतापला होता. दोन दिवस भांडी आपटत होता. मग एका दुपारी माझ्या पायथ्याशी बसून लहान पोरासारखा रडला आणि म्हणाला की आता काय करू. मला त्याची दया आली. तू कधी असं विचारलं नाहीस, म्हणून तुझी कधी आली नाही. हे बरोबर झालं नाही.

चमचा मी पुष्कळदा उगाच वाजवत होतो. पाणी नको असायचं, कूस बदलायची नसायची. तू घरात आहेस ना, एवढंच बघायचं असायचं.

दादाने वाढवून घेतलेली रजाही संपली. मी त्याच्याबरोबर जातो आहे. मीच सांगितलं, त्याने दोनदा विचारून घेतलं. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. मला खुर्चीला बांधून चार जण वर नेणार. असा वर नेलेला माणूस पुन्हा खाली आणायला कुणाला वेळ होत नाही, आणि तशी अपेक्षाही मी ठेवलेली नाही. सूनबाईचा फोन आला होता. माझी खाट खिडकीशी टाकते म्हणाली. पोरं गोंगाट करतील, त्यांना मी सरळ करीन.

घर बंद करतो आहोत. किल्ली शिंपीणबाईंकडे राहील. नोकरी लागली तर याच घरात राहा, दुसरीकडे लागली तर दुसरीकडे राहा. मला विचारायची गरज नाही.

मी वर पोचल्याशिवाय हे पत्र पेटीत टाकायचं नाही, असं दादाला बजावलं आहे. आधी मिळालं असतं तर तू धावत आली असतीस, आणि मी तुला परत जाऊ दिलं नसतं.

तुझे,
आप्पा